अनामत म्हणजे ठेव



माणातून पुण्या-मुंबईला पोटासाठी जाणाऱ्यांना खोलीआधी डिपॉझिट जमवावे लागते. महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने त्यावर मर्यादा घातली नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरासाठी ती दोन महिन्यांच्या भाड्याइतकी आहे. मात्र राज्याने स्वीकारला तरच तो लागू होतो.

मर्यादेने भाडेकरूचे कर्ज टळेल. पण एका खोलीच्या भाड्यावर जगणाऱ्या विधवेचे काय? भाडेकरू बिले थकवून गेला, तर नुकसान तिचे. पुढच्या अनोळखी माणसाला ती दारच उघडणार नाही.

कायदा रक्कम ठरवील, विश्वास आपणच जपायचा. अनामत ही दुसऱ्याची ठेव. गरिबाचे गहाण घेतलेले पांघरूण सूर्यास्तापूर्वी परत द्यावे, असे निर्गम ग्रंथ सांगतो. भाडेकरूने बिले चुकती करावीत. मालकाने किल्ली घेताच अनामत हाती द्यावी.