तेराव्या महिन्याचे दैवत

1763 साली लंडनमध्ये फ्रान्सिस फॉक्स आणि विल्यम वोटी या दोन गृहस्थांनी ‘द पोएटिकल कॅलेंडर’ या नावाची एक काव्यसंग्रहमाला बारा भागांत प्रसिद्ध केली. रॉबर्ट डॉड्स्लीने त्यापूर्वी काढलेल्या आणि तिकडच्या सुशिक्षित घरांत मान्यता पावलेल्या संग्रहाची पुरवणी म्हणून ती योजिलेली होती; परंतु त्या संग्रहात नसलेली एक गोष्ट या दोघांनी आपल्या मालेला दिली, आणि ती म्हणजे वर्षाची चौकट. जानेवारीचा एक भाग, फेब्रुवारीचा एक, आणि असे करीत डिसेंबरच्या भागाबरोबर ग्रंथ पुरा व्हायचा. वास्तविक या मालेतल्या अनेक कवितांचा ज्या महिन्यात त्यांना बसविले त्या महिन्याशी काही ऋणानुबंध नाही. विल्यम कॉलिन्स हा कवी 1759 मध्ये बहुतेकांच्या विस्मृतीत मृत्यू पावला होता. त्याच्या कविता, आणि सोबत डॉ. जॉन्सनने रेखाटलेले त्याचे शीलचित्र, याच मालेत आले, आणि त्यांना बाराव्या महिन्यात जागा मिळाली काय किंवा तिसऱ्यात मिळाली काय, त्यांच्या अर्थात तिळमात्र फरक पडला नसता. तरीही संपादकांना बाराची चौकट हवीशी वाटली. फॉक्स हा व्यवसायाने धर्मोपदेशक होता. ज्याचे सारे आयुष्य उपासनेच्या वार्षिक क्रमात गेले, त्याला कवितेलाही तोच क्रम द्यावासा वाटणे मला स्वाभाविक वाटते. विखुरलेल्या वाणीला कालाच्या सूत्रात ओवले की ती वाचण्याला नित्यनेमाचे स्वरूप येते, आणि नित्यनेमात एक प्रकारचे अभय असते.

मला या ग्रंथाविषयी जे कुतूहल वाटते, ते मात्र त्यात असलेल्या बारा भागांपेक्षा त्यात नसलेल्या एका भागामुळे. ही माला निघण्याच्या अकराच वर्षे आधी, 1752 साली, इंग्लंडने आपले जुने पंचांग टाकून नवे घेतले, आणि त्या वर्षी सप्टेंबरच्या दोन तारखेच्या दुसऱ्या दिवशी चौदा तारीख उजाडली. मधले अकरा दिवस पार्लमेंटच्या कायद्याने वगळले गेले. शतकानुशतके साचत आलेली गणिताची चूक त्यायोगे दुरुस्त झाली, हे खरेच. पण बारा महिन्यांचा तो देखणा काव्यग्रंथ ज्या वर्षाच्या साच्यावर बेतला, तो साचा नुकताच कापून नीट केलेला होता, आणि कापलेल्या दिवसांना कोणी वाली नव्हता.

आमच्या बीड जिल्ह्यात, माजलगाव तालुक्यात, गोदावरीच्या काठी पुरुषोत्तमपुरी नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील देवालयात, काळाच्या हिशेबातून उरलेल्या अशाच दिवसांची पूजा होते.

आपल्या पंचांगातही दर वर्षी अकरा दिवसांचीच बाकी उरते; पण या दोन अकरांचा उगम एक नाही, हे आधी सांगितले पाहिजे. इंग्लंडचे अकरा दिवस ही लीप वर्षाच्या स्थूल गणिताने झालेली थकबाकी होती. आपले अकरा दिवस हे चंद्र आणि सूर्य यांच्यामधले अंतर आहे. चंद्राचे बारा महिने सुमारे 354 दिवसांत भरतात आणि सूर्याचे वर्ष 365 दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवसांची तूट राहते, आणि साधारण साडेबत्तीस महिन्यांनी ती एका महिन्याएवढी होते. ज्या चांद्रमासात सूर्य एका राशीतून दुसऱ्या राशीत जात नाही, म्हणजे ज्यात संक्रांतच होत नाही, तो अधिकमास. एकोणीस वर्षांत असे सात महिने येतात.

या तुटीचे काय करावे, हा प्रश्न आमच्या जिल्ह्याने जितक्या अंगांनी अनुभवला तितका क्वचितच कोणी अनुभवला असेल. निजामाच्या अमदानीत येथील रयत एकाच वेळी तीन वर्षे जगत होती. हिजरी सन निखळ चांद्र. त्यात अधिक महिना घालण्यास धर्माचीच मनाई असल्यामुळे रमजान आणि मोहरम दर वर्षी अकरा दिवस मागे सरकत सुमारे तेहतीस वर्षांत सर्व ऋतूंतून फिरून येतात. ईश्वराला कोणताही ऋतू परका नाही आणि उपवास उन्हाळ्यातही घडावा, हिवाळ्यातही घडावा, हा त्यातला भाव मला फार उदात्त वाटतो. पण पीक काही हिजरीप्रमाणे येत नाही. सारा वसूल करायचा तर वर्ष हंगामाला बांधलेले असले पाहिजे, म्हणून अकबराच्या काळापासून फसली साल निराळे झाले, आणि हैदराबाद संस्थानात ते आजूर महिन्यापासून, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून, मोजले जाऊ लागले. दै, बहमन, खुर्दाद ही महिन्यांची फारसी नावे पाटील-पटवाऱ्यांच्या दप्तरात नांदत होती. जमाबंदी फसली सालाने, मोहरमच्या सवाऱ्या हिजरीने, आणि पोळा, पंचमी, पाडवा शकाच्या पंचांगाने, असा एकाच गावाचा त्रिविध संसार चालला होता. पहिल्या दोघांनी तो प्रश्न आपापल्या परीने मोकळा केला: हिजरीने सूर्याला सोडले, फसलीने चंद्राला सोडले. शकाच्या पंचांगाला दोघांपैकी एकालाही सोडवेना, आणि म्हणून तेरावा महिना त्याच्या पदरी आला.

हा महिना आरंभी कोणालाच नको होता. मलमास, म्हणजे मळकट महिना, हे त्याचे जुने नाव. पुराणकथा सांगते, की बाराही महिन्यांना आपापला अधिपती आहे, मला मात्र कोणी धनी नाही, सर्व शुभकार्यांतून लोक मला घालवून देतात, असे रडत हा महिना वैकुंठी विष्णूकडे गेला. विष्णूने त्याला हाती धरून गोलोकात श्रीकृष्णाकडे नेले. आणि श्रीकृष्णाने त्याला दुसरे काही न देता आपले पुरुषोत्तम हे नावच देऊन टाकले.

या कथेची खूण रोजच्या संध्येत दडलेली आहे. आचमनाच्या वेळी जी चोवीस नावे घेतात, त्यांतली पहिली बारा, केशवापासून दामोदरापर्यंत, हीच क्रमाने मार्गशीर्षापासून कार्तिकापर्यंतच्या महिन्यांची अधिदैवते होत. केशव मार्गशीर्षाचा, नारायण पौषाचा, माधव माघाचा, आणि कार्तिकाचा दामोदर. ज्या घरात संध्या चालते, तेथील माणूस पळी-पंचपात्र घेऊन बसला की नकळत सबंध वर्ष उच्चारून मोकळा होतो. फॉक्स आणि वोटी यांनी बारा भागांत जे केले, ते येथे चार पळ्या पाण्यात होते. आणि पुरुषोत्तम? तो बारांत नाही, आणि लगेच तेरावाही नाही. संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न, अनिरुद्ध हे चौघे होऊन गेल्यावर सतराव्या स्थानी त्याचे नाव येते. महिन्यांची रांग संपून बरेच पुढे गेल्यावर तो भेटतो. ही रचना जाणूनबुजून केलेली असेल असा माझा आग्रह नाही. पण लहानपणापासून ही नावे घेत आल्यावर एके दिवशी हे ध्यानात आले, तेव्हा हातातले पाणी काही क्षण तसेच राहिले होते.

पुरुषोत्तमपुरीचे नाव मात्र या कथेवरून पडलेले नाही, आणि श्रद्धेच्या पोटी इतिहास झाकणे मला उचित वाटत नाही. येथे सापडलेले यादव राजा रामचंद्राचे ताम्रपट शके 1232चे, म्हणजे इसवी सन 1310चे आहेत, महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. राजाने पुरुषोत्तम ऊर्फ पुरुषै नायक या आपल्या अमात्याला गावे दिली, त्याने त्यांचा अग्रहार करून ब्राह्मणांना दान केला, आणि त्या अग्रहाराला त्याच्या नावावरून पुरुषोत्तमपुरी म्हणू लागले, असा तो वृत्तांत आहे. त्याआधी चौदा वर्षे अल्लाउद्दीन खिलजीच्या फौजेने देवगिरी लुटली होती. राज्य मांडलिक झाले होते. आणि त्या पडत्या काळातही एक अमात्य गोदाकाठी विद्येची वसाहत वसवीत होता. पुढे राज्य गेले, अग्रहार गेला, सनदेतली गावे ज्या-त्या सरकारच्या खालशात गेली. उरले ते नाव. आणि ज्या महिन्याला स्वतःचे दैवत नव्हते, तो महिना त्या नावाच्या देवाकडे आसऱ्याला आला. आज अधिकमासात येथे महिनाभर यात्रा भरते, दूरदूरचे लोक गोदास्नान करून विष्णुरूप पुरुषोत्तमाचे दर्शन घेतात, आणि एरवी दोन-अडीच वर्षे गाव शांत असते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ईश्वराची उपासना कालाच्या क्रमात बसवावी का, आणि बसविली तर जो क्रमात बसत नाही त्याचे काय? हा प्रश्न आपल्याकडच्या निबंधकारांनाही पडला होता. याच यादवांच्या दरबारात हेमाद्रीने ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचला, तेव्हा त्याने पुराणोपुराणी विखुरलेली व्रते वेचून तिथी, वार, नक्षत्र, मास अशा कालाच्या खणांत लावली. लंडनमध्ये काव्यमाला निघाली त्यानंतर सत्तावीस वर्षांनी, 1790 साली, पंढरपुरात काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी ‘धर्मसिंधु’ पुरा केला; त्याच्या दुसऱ्या परिच्छेदात चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्याचे कृत्य ओळीने सांगितले आहे. पण धर्मसिंधुकारांनी एक गोष्ट अशी केली की जी फॉक्स-वोटींना करण्याचे कारणच नव्हते. महिन्यांच्या ओळीला हात घालण्यापूर्वी त्यांनी मलमासाचा निर्णय केला. आणि तो निर्णय नीट वाचला, तर तत्त्वज्ञानाचे एक अख्खे प्रकरण त्यात सापडते.

मलमासात काम्य कर्माचा आरंभ करू नये, असा तो निर्णय आहे. विवाह, मुंज, वास्तू, फलाची इच्छा धरून घ्यावयाची नवी व्रते, हे सर्व वर्ज्य. जे नित्य आहे, जे न केल्यास चुकेल पण केल्याने काही पदरात पडेल अशी आशा धरावयाची नाही, ते मात्र चालू ठेवावे. लोकांनी याचा अर्थ महिना अशुभ आहे असा घेतला. मला तो उलट दिसतो. वर्षाचे बारा महिने माणूस देवाकडे काही ना काही मागत असतो, आणि देवही त्या त्या महिन्याचा अधिकारी होऊन अर्ज स्वीकारीत असतो. तेराव्या महिन्यात दफ्तर बंद आहे, अर्ज घेतला जात नाही, आणि तरीही देव समोर उभा आहे. तेव्हा त्याच्याजवळ काय बोलायचे, हे ज्याला सुचेल त्याला निष्काम शब्दाचा अर्थ कोशात पाहावा लागणार नाही.

गीतेच्या पंधराव्या अध्यायात क्षर आणि अक्षर असे दोन पुरुष सांगून त्या दोहोंच्या पलीकडच्याला पुरुषोत्तम म्हटले आहे. त्याचा शास्त्रशुद्ध अर्थ आचार्यांनी लावलेला आहे, आणि ज्ञानेश्वरांनी तर तो अध्याय मराठीत असा फुलविला आहे की त्यात भर घालण्याचे धारिष्ट कोणी करू नये. पण गोदाकाठी बसलेल्या माझ्यासारख्या साध्या माणसाला त्या शब्दांत आकाशही दिसते. क्षीण होणारा आणि पुन्हा भरणारा चंद्र हा क्षराचा डोळ्यांपुढचा दाखला. न घटता न वाढता येणारा सूर्य हा अक्षराचा. दोघांची वर्षे परस्परांशी कधीच जुळत नाहीत. त्यांच्यामध्ये जी फट राहते, ज्या फटीवर दोघांपैकी एकाचेही स्वामित्व नाही, तिलाच आमच्या पूर्वजांनी पुरुषोत्तम म्हटले. इंग्लंडने कात्री लावून फट बुजविली. ती बुजली नसती तर वसंताचे सण हळूहळू ऋतू सोडून सरकतच राहिले असते, म्हणून त्यांना दोष देण्याचे कारण नाही. परंतु हिशेब जुळत नाही हे कबूल करून, न जुळणाऱ्या बाकीला देव्हाऱ्यात बसविणे, याला जो विनय लागतो तो मला अधिक मोलाचा वाटतो.

म्हणूनच या महिन्याभोवती जमलेल्या फलश्रुतींच्या राशी पाहून मन खिन्न होते. अमुक इतके दीप लावल्याने अमुक पुण्य, अमुक दान दिल्याने कोटिगुणित फल, असे जेव्हा माहात्म्य सांगू लागते, तेव्हा ज्या एका महिन्यात मागणे बंद होते त्यातच ते मागच्या दाराने आत येते. जावयाला तेहतीस अनारसे किंवा बत्तासे देण्याचा, दीपदानाचा, पुरणाच्या धोंड्यांचा रिवाज मात्र मला गोड वाटतो, कारण त्यात संख्या असली तरी सौदा नाही. आमच्या आजी अनारसे मोजून ताटात ठेवीत, आणि मोजून झाल्यावर आणखी एक ठेवीत. हा कशाला, असे विचारले तर उत्तर देत नसत.

राहता राहिली एक गोष्ट, आणि ती आमच्या जिल्ह्याचीच आहे. गीतेत श्रीकृष्णाने महिन्यांमध्ये आपण मार्गशीर्ष आहोत असे सांगितले आहे. त्याच मार्गशीर्षात अंबाजोगाईला योगेश्वरीचा उत्सव होतो, आणि देवीचे नगर गजबजून जाते. परंतु जिल्ह्यातली हजारो कुटुंबे त्या वेळी गावात नसतात. दसरा झाला की ऊसतोडीची बिऱ्हाडे बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर यांतून साखरकारखान्यांच्या मुलखात निघतात, कोयता हातात घेतात, आणि गळिताचा हंगाम सरेपर्यंत पाचटाच्या खोपीत राहतात. त्यांची दिवाळी फडात, संक्रांत फडात, आणि मार्गशीर्षातली देवी तर केवळ आठवणीत.

पण ज्योतिषाचा एक नियम असा आहे, की हिवाळ्यात सूर्याची गती शीघ्र असल्यामुळे प्रचलित गणिताप्रमाणे मार्गशीर्ष आणि पौष हे महिने अधिक होत नाहीत; अधिकमास बहुतेक चैत्रापासून आश्विनापर्यंतच येतो. 2015 साली आषाढ अधिक होता, 2018 साली ज्येष्ठ, 2020 साली आश्विन, 2023 साली श्रावण. 2026 सालचा पुन्हा ज्येष्ठ, सतरा मेपासून पंधरा जूनपर्यंत. म्हणजे धुराडी थंडावलेली असतात, टोळ्या परतलेल्या असतात, मुकादमाची उचल फिटलेली असो की नसो, माणसे आपल्या घरी असतात. गोदेचे पात्र ज्येष्ठाच्या उन्हात आटून लांब गेलेले असते. वाळूतून चालत त्या उरलेल्या धारेपर्यंत जावे लागते. हातावर कोयत्याचे घट्टे असलेली बाई द्रोणात वात पेटवून ती पाण्यावर सोडते, आणि ती वात कुठवर जाते ते पाहत तिथेच उभी राहते.