वऱ्हाडचा कापूस आणि संपत्तीचा प्रश्न

देश श्रीमंत कशाने होतात, या प्रश्नाची चर्चा बहुधा इंग्लंडपासून सुरू होते. ती बुलढाणा जिल्ह्यातील अमडापूरपासून सुरू केली, तर काही रूढ उत्तरे लगेच अपुरी पडतात. हे गाव चिखलीहून खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे, आणि खामगावची कापूसपेठ एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील मोठ्या पेठांत गणली जात होती. काळी कसदार जमीन, परदेशात मागणी असलेले पीक, रेल्वे आणि जमिनीवरील कायदेशीर हक्क, म्हणजे भरभराटीसाठी अर्थशास्त्रज्ञ आवश्यक मानतात त्यांपैकी बरेच काही, या मुलखात दीडशे वर्षांपूर्वीच आलेले होते. तरीही बुलढाण्याचे दरडोई उत्पन्न, म्हणजे जिल्ह्याच्या एकूण उत्पन्नातून माणशी येणारा वाटा, राज्याच्या सरासरीच्या मागेच राहिले आहे.

1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला, तो हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. त्यामुळे येथील महसुलावर पहिला हक्क त्या फौजेचा ठरला. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकन कापूस आटला, आणि वऱ्हाडी कापसाला कधी नव्हता एवढा भाव आला. 1870 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी जलंब-खामगाव या रेल्वेफाट्याचे उद्घाटन केले. त्याच सुमारास झालेल्या जमाबंदीत सारा थेट शेतकऱ्याकडून घेण्याची आणि त्याचा जमिनीवरील हक्क विकता व गहाण टाकता येईल असा मानण्याची पद्धत रुळली. हा हक्क खरा होता, पण कोरडवाहू शेतीत पाऊस चुकला की तोच सावकाराकडे गहाण पडत असे.

जमिनीचा हक्क ज्याच्याकडे होता, त्याच्या हाती बाजाराचे नियम मात्र नव्हते. वऱ्हाडात 1897 मध्ये कापूस व धान्य बाजारांसाठी कायदा झाला, आणि नियंत्रित बाजाराचा देशातील आरंभीचा प्रयत्न म्हणून त्याचा गौरव होतो. परंतु त्याखालील बाजार समित्यांवर व्यापारी आणि नगरपालिकेचे प्रतिनिधी बसत. ज्याचा कापूस काट्यावर चढत होता, त्या उत्पादकाला तेथे जागा नव्हती, आणि 1928 च्या शाही कृषी आयोगाने या उणिवेवर नेमके बोट ठेवले. वजन, प्रतवारी, अडत आणि कटौती यांबाबतचा वाद अखेर समितीतच मिटत असल्यामुळे ही उणीव किरकोळ मानता येत नाही.

कापूस न पिकवणारा लँकेशायर त्याच कापसावर संपन्न झाला, तर गुलामांच्या श्रमावर तो पिकवणारी अमेरिकेची दक्षिण राज्ये गिरण्या उभारणाऱ्या उत्तरेच्या मागे पडली. 2024 चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेले असेमोग्लू, जॉन्सन आणि रॉबिन्सन या फरकाचा उलगडा संस्थांच्या आधारे करतात: संस्था, म्हणजे व्यवहाराचे स्थिर नियम, जेथे बहुसंख्यांना सामावून घेतात तेथे समृद्धी टिकते, आणि जेथे त्या मूठभरांसाठी मूल्य ओढून घेतात तेथे ती टिकत नाही. वऱ्हाडचा अनुभव या सिद्धांताला पुष्टी देतो. पण अशा संस्था कोठे सहज उभ्या राहतात, हे बरेचसे पिकाच्या स्वभावावर अवलंबून असते, ही भरही तो त्यात घालतो.

तोडलेला ऊस दिवसभरात गाळला नाही तर त्यातील साखर घटू लागते, म्हणून कारखाना शेताजवळच लागतो आणि तो चालवण्यासाठी आसपासच्या शेतकऱ्यांना एकत्र यावे लागते. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला 1950 च्या सुमारास उभा राहिलेला सहकारी कारखाना या गरजेतूनच आकाराला आला, आणि त्यातून साखरेबरोबर राजकीय वजनही निर्माण झाले. कापूस मात्र महिनोन्महिने टिकतो; गाठी बांधून तो हजारो मैल नेता येतो, त्यामुळे सूत आणि कापड यांचा नफा दुसरीकडे जमा होतो. महाराष्ट्राने 1972 मध्ये सुरू केलेल्या एकाधिकार खरेदी योजनेने भावाची हमी दिली, पण शेतकरी सरकारचा विक्रेता झाला, प्रक्रियेचा मालक झाला नाही. आता या भागात कापसाची बरीच जागा सोयाबीनने घेतली आहे, आणि तेही टिकाऊ, दूर नेता येणारे पीक आहे.

1984 च्या दांडेकर समितीने अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या तुलनेत राहिलेली तूट, सिंचन, रस्ते, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांत मोजली, आणि ते मोजमाप आवश्यकच होते. 2006 मध्ये केंद्राने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत बुलढाणाही होता. मात्र बाजारातला आणि प्रक्रियेतला उत्पादकाचा अधिकार या हिशेबांत कोठेच धरलेला नाही. विदर्भाच्या विकासाचा विचार करणाऱ्यांनी तोही अनुशेष म्हणून मोजावा, आणि सरकी, तेल व सूत यांच्या कारखान्यांत अमडापूरसारख्या गावांतील शेतकऱ्यांची मालकी किती, हा प्रश्न प्रत्येक योजनेला विचारावा.