दोर, सळया आणि खरे वजन



जुलैचा दुसरा रविवार ख्रिस्तसभा 'सी संडे' म्हणून पाळते. या दिवशी आपण दर्यावर्दींसाठी प्रार्थना करतो. वादळाची भीती तर त्यांना असतेच. पण एक धोका किनाऱ्यावरून त्यांच्याबरोबर चढतो.

मालवाहू जहाजाच्या डेकवर कंटेनर एकावर एक रचतात. दोन कंटेनरांच्या कोपऱ्यांमध्ये 'ट्विस्टलॉक' नावाची लोखंडी कडी अडकवतात. खालच्या थरांना सळया फुलीसारख्या तिरक्या लावून पेचाने आवळतात. यालाच लॅशिंग म्हणतात. जहाज बंदर सोडण्यापूर्वी हे काम पुरे व्हावे लागते. वाटेत हेलकाव्यांनी पेच ढिले होतात, म्हणून खलाशी फिरून फिरून ते आवळतात. ओल्या डेकवर जड सळई हाताळणे किती कठीण, ते त्यांच्या घरच्यांना विचारावे!

पण जड कंटेनर खाली आणि हलका वर, हे ठरते माल पाठवणाऱ्याने लिहून दिलेल्या वजनावरून. आकडा खोटा असला तर जहाज डोलताना सळयांना भार पेलवत नाही आणि रास कोसळू शकते. जानेवारी २००७ मध्ये 'एमएससी नेपोली' हे जहाज इंग्लिश चॅनेलमध्ये वादळात फुटले. २६ जणांना हेलिकॉप्टरने वाचवले. फुटण्याची मुख्य कारणे निराळी होती. परंतु डेकवरचे सुमारे ६६० कंटेनर नंतर तोलले, तेव्हा १३७ कंटेनरांत लिहिलेल्या आणि खऱ्या वजनात ३ टनांहून अधिक फरक निघाला. एकात तर २० टन! १ जुलै २०१६ पासून पडताळलेल्या वजनाशिवाय कंटेनर जहाजावर चढवता येत नाही. नियम झाला हे बरेच झाले, पण तो पाळणारी शेवटी माणसेच.

खोट्या वजनांचा परमेश्वराला तिटकारा आहे, असे नीतिसूत्रांच्या पुस्तकात आपण वाचतो आणि दुकानाचा तराजू आठवतो. येथे आकडा लिहिणारा ऑफिसात सुखरूप असतो. जीव जातो तो त्याने कधी न पाहिलेल्या माणसाचा. हे पाप आठव्या आज्ञेपाशी थांबत नाही, पाचव्या आज्ञेलाही भिडते.

संत पौल कैदी म्हणून रोमकडे जात होता, तेव्हा वादळात खलाशांनी जहाजाला खालून दोर आवळले, माल समुद्रात टाकला, अखेर गहूही फेकला. जहाज गेले, पण २७६ जण किनाऱ्याला लागले.

आजच्या मिस्सेत सर्व दर्यावर्दींसाठी आणि माल पाठवणाऱ्यांसाठीही आपण प्रार्थना करू या. ज्यांची मुले, पती वा भाऊ जहाजावर आहेत, त्यांनी त्यांची नावे मिस्सेपूर्वी सॅक्रिस्टीत द्यावीत.