मंद नाडी आणि अपराधाची जबाबदारी

मनात नसतानाही माणूस कुणी बळेच ओढावे तसा पापाकडे का जातो, असे अर्जुन गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारतो. रजोगुणातून उपजणारे काम आणि क्रोध, हे कृष्णाचे उत्तर. हाच प्रश्न आता शरीरशास्त्रही विचारते आहे. मॉरिशसमध्ये तीन वर्षांच्या सुमारे १८०० मुलांच्या हृदयाचे ठोके मोजले गेले. त्यांतली बहुतेक भारतीय वंशाची होती. ज्यांची नाडी तेव्हा मंद होती, त्यांच्यात अकराव्या वर्षी आक्रमकपणा अधिक आढळला, असे एड्रियन रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली मांडले. स्वीडनमध्ये लष्करभरतीच्या वेळी तपासलेल्या सात लाखांहून अधिक तरुणांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. मिनिटाला ६० किंवा त्याहून कमी ठोके असलेल्यांना हिंसक गुन्ह्यासाठी शिक्षा होण्याचा संभव, ८३ किंवा त्याहून अधिक ठोके असलेल्यांपेक्षा ३९ टक्क्यांनी जास्त निघाला. व्यायामाने कमावलेली तंदुरुस्ती हिशेबात धरली, तरी हा फरक मिटला नाही. अशा मुलांना भीती कमी वाटते, किंवा शरीरातली ही शिथिलता नकोशी होऊन ती थरार शोधतात, अशी दोन स्पष्टीकरणे दिली जातात.

मग दोष मुलाचा की देहाचा? मला वाटते, हा प्रश्नच अपुरा आहे. कठोर शिक्षेचा सगळा भरवसा भीतीवर असतो, आणि इथे तर भीतीच उणी आहे. जे मूल धाकाने शिकत नाही त्याला आणखी धाक दाखवणे हा न्याय नव्हे, तो आपला हट्ट आहे. धाकाऐवजी काय, याचे एक उत्तर मॉरिशसमध्येच मिळाले. तिथल्या शंभर मुलांना तिसऱ्या वर्षापासून दोन वर्षे पोषक आहार, व्यायाम आणि चांगले शिक्षण दिले गेले. अकराव्या वर्षी त्यांच्या मेंदूची आणि त्वचेची प्रतिसादक्षमता वाढलेली दिसली आणि तेविसाव्या वर्षी, त्यांच्याच सांगण्यानुसार, त्यांच्या हातून गुन्हे कमी घडले होते. म्हणजे आपण जिला प्रकृती म्हणून हात टेकतो, तीही संगोपनाने बदलते. कृष्णही अर्जुनाला कारण सांगून थांबत नाही, इंद्रियांना आवर घाल म्हणतो. तीन वर्षांच्या मुलाला हा आवर कोण शिकवणार? अर्थात मोठ्यांनीच.

कोणी म्हणेल, ज्याला मार बसला त्याचे काय? त्याचे दुःख खरे आहे, आणि समजत्या वयाच्या मुलाला आपल्या कृत्याचा जाब द्यावाच लागेल. नाडी मंद असलेले बहुसंख्य लोक आयुष्यभर कुणावर हात उगारत नाहीत, त्यामुळे नाडी ही सबब होऊ शकत नाही. दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो: धोका आधीच कळत असेल तर अशी मुले वेळीच वेगळी का काढू नयेत? त्यालाही उत्तर तेच आहे. समूहात दिसणारा कल एकट्या मुलाचे भवितव्य सांगत नाही, आणि निर्दोष मुलावर मारलेला शिक्का हा स्वतःच अपराध आहे. आपल्याकडे २०१५ च्या कायद्यानुसार सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक आणि शारीरिक क्षमता तपासते. त्या तपासणीत नाडीचा आकडा मुलाविरुद्ध कधीही वापरला जाऊ नये. आणि ज्यांना अशा मुलांची खरोखर काळजी आहे, त्यांनी निरीक्षणगृहाच्या भिंती उंच करण्याआधी आपल्या गावच्या अंगणवाडीतला आहार आणि तिथल्या सेविकेचे मानधन यांची चौकशी करावी.