परिहार

कन्नडमध्ये नुकसानभरपाईला ‘परिहार’ म्हणतात. म्हैसुरात राहून दोन्ही भाषांत ये-जा करताना हा शब्द मला अडवतो. मराठीत परिहार होतो तो शंकेचा, दोषाचा. त्यात पैसा येत नाही.

एप्रिल २०२५मध्ये इथल्या सत्र न्यायालयाने कोडगूतल्या एका आदिवासी माणसाची निर्दोष मुक्तता केली. बायकोच्या खुनाच्या आरोपाखाली तो वर्षाहून अधिक काळ तुरुंगात होता, आणि बायको जिवंत सापडली. गृहखात्याने त्याला एक लाख रुपये द्यावेत, असा आदेश झाला. तो उच्च न्यायालयात गेला. वाढीव भरपाईबरोबर त्याची आणखी एक मागणी होती : निकालपत्रात आपल्याला ‘आरोपी’ नव्हे, ‘पीडित’ म्हणावे.

ही मागणी मला रकमेहून मोठी वाटते. पीडित म्हटले की पीडा कोणी दिली, हे विचारावेच लागते.

आपला कायदा या प्रश्नाच्या उंबरठ्यावर थांबतो. निर्दोष ठरूनही रुदल साह बिहारच्या तुरुंगात १४ वर्षे खितपत पडला. १९८३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला एकूण ३५,००० रुपये देवविले, ते राज्याकडून. दोषी अधिकाऱ्यांकडे वळण्याची मोकळीक राज्याला ठेवली. सक्ती केली नाही. तिजोरीतून पैसे गेले, म्हणजे आपलेच गेले. कोडगूतला तो माणूस काडेपेटी विकत घेतो, तेव्हा त्याच्या भरपाईत त्याचाही वाटा पडतो.

अमेरिकेत १९७१च्या बिव्हेन्स खटल्याने संघराज्याच्या अधिकाऱ्यांवर व्यक्तिशः दावा लावण्याची वाट उघडली. पुढे तिथल्याच न्यायालयाने ती जवळजवळ बुजवली. वैयक्तिक दाव्याच्या भीतीने अधिकारी काम करायला कचरतील, हा आक्षेप सगळीकडे आहे आणि तो पोकळ नाही. शिवाय हवालदाराच्या पगारातून कोणाची गेलेली वर्षे भरून निघणार?

म्हणून पैसे आधी राज्यानेच द्यावेत. पण प्रामाणिक चूक आणि रचलेला पुरावा यांत फरक करावा, आणि दुसऱ्या बाबतीत रकमेचा काही हिस्सा त्या अधिकाऱ्याकडून वसूल करणे राज्याच्या मर्जीवर सोडू नये. हिस्सा लहान असला तरी चालेल. त्यापुढे एक नाव लिहिलेले असेल.

कन्नडमधला परिहार राज्य देऊ शकते. मराठीतला परिहार ज्याचा दोष, त्यालाच करावा लागतो.