घाई तेवढी करू नकोस

चि. मृण्मयीस,


तुझी मेल मिळाली, आणि तिच्यासोबतचा अर्जाचा कच्चा मसुदाही. मसुदा मी छापून घेतला, कारण पडद्यावर वाचलेलं माझ्या डोक्यात नीट उतरत नाही, आणि जेवणाच्या टेबलावर बसून सावकाश वाचला. तू लिहिलंयस, ‘शालूआजी, इतक्या लंगड्या अर्जावर मला अमेरिकेत रेसिडेन्सी मिळेल का?’ इथल्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला, स्टेप वनला, पहिल्या वेळी नापास, पदवी होऊन चार वर्षं झालेली, इथल्या एकाही डॉक्टरचं शिफारसपत्र नाही, आणि तरी स्टेप टू ऑगस्टअखेर उरकून सप्टेंबरात अर्ज टाकायचा तुझा बेत आहे. बाळ, तुझ्या आजीला मी हॉस्टेलच्या दिवसांपासून ओळखते, त्यामुळे त्या घरातली मुलगी कष्टाला किंवा खरेपणाला कमी पडेल अशी शंकाही माझ्या मनात येत नाही. मला धास्ती आहे ती त्या ‘उरकून’ या शब्दाची.

आधी वस्तुस्थिती सांगते. रेसिडेन्सीच्या जागा ठरवणाऱ्या २०२५च्या मार्चमधल्या मॅचमध्ये इथे शेवटच्या वर्षाला असलेल्या एमडी विद्यार्थ्यांपैकी ९३.५ टक्क्यांना जागा मिळाली, आणि परदेशात शिकून आलेल्या, इथलं नागरिकत्व नसलेल्या डॉक्टरांपैकी ५८ टक्क्यांना. म्हणजे दहांतल्या चार जणांच्या हाती काही लागलं नाही, आणि त्या चारांत तुझ्याहून चांगले गुण मिळवलेली मुलंही असणार. दुसऱ्या बाजूने बघितलंस तर अमेरिकेतल्या दर चार डॉक्टरांमागे साधारण एक परदेशात शिकलेला असतो, आणि त्यांत सगळ्यांत जास्त आपल्याकडचे. दार बंद नाही. मात्र इंटर्नल मेडिसिन, फॅमिली मेडिसिन, बालरोग या शाखांचं दार आपल्याला अधिक उघडं असतं आणि त्वचारोग किंवा ऑर्थोपेडिक्सचं जवळजवळ लावलेलं, हे मनाशी नीट धरून चाल. तुला मेडिसिनच हवंय, हे त्यातल्या त्यात बरं.

निवृत्त होण्याआधी बरीच वर्षं मी आमच्या लहानशा इस्पितळाच्या निवड समितीत बसत असे, म्हणून अर्ज आतून कसे वाचले जातात ते तुला सांगू शकते. सप्टेंबर संपता संपता अर्ज उघडले की ते हजारांनी येतात आणि जागा असतात मूठभर. पहिली चाळण संगणकाची : परीक्षेचे किती प्रयत्न, पदवीचं वर्ष कोणतं, व्हिसा लागणार का. त्यात उरतात ते माणसं वाचतात. माझी नजर आधी तारखांवर जायची. ही मुलगी कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत रुग्णाजवळ होती आणि कधी नव्हती? नापास झालेली दिसली तर त्यानंतर तिने काय केलं? एखाद्या अपयशाच्या पाठोपाठ शांतपणे केलेलं भक्कम काम दिसलं की समितीतली कडक माणसंही ऐकायला तयार होतात. पण अपयशावर घाईने दुसरा कमकुवत गुण चढलेला दिसला की कागद बाजूला जातो, आणि त्या मुलीची बाजू मांडायला तिथे कुणी नसतं.

म्हणून ऑगस्टची तारीख मला पसंत नाही. तूच लिहितेस की सराव परीक्षांचे आकडे अजून वरखाली होतायत. स्टेप वनचा निकाल जानेवारी २०२२पासून नुसता उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा येतो, त्यामुळे सगळ्यांचे डोळे स्टेप टूच्या आकड्याकडे लागलेले असतात, आणि एकदा उत्तीर्ण झालेली परीक्षा गुण वाढवण्यासाठी पुन्हा देताच येत नाही. जेमतेम पास झालीस तर तो आकडा प्रत्येक अर्जासोबत कायमचा जाणार. थांबलीस तर पदवीला पाच वर्षं होतील, आणि काही प्रोग्राम पाच वर्षांच्या वरचे अर्ज बघतच नाहीत, हे मला ठाऊक आहे. त्यातले थोडे हातचे जातील. जाऊ देत. ते फार मोठं नुकसान नाही, कारण तुझं हे वर्ष रिकामं जाणार नाही. तू प्राथमिक आरोग्य केंद्रात रोज रुग्ण तपासतेयस, आणि ते काम सोडून पुण्यात खोली घेऊन नुसता अभ्यास करत बसायचा विचार असेल तर तो आजच सोडून दे.

अभ्यासाला पहाट आहे ना. पाचला उठत जा. ओपीडी उघडण्याआधी यूवर्ल्डच्या सराव प्रश्नसंचातले चाळीस प्रश्न एका बैठकीत, आणि त्याहून जास्त वेळ चुकलेल्या प्रश्नांना. (चहा आधी घे, उपाशी पोटी अभ्यास करू नकोस, तुझी आजी तशीच करायची आणि मग दुपारी डोकं धरून बसायची.) रेसिडेंट झालीस की राउंडच्या आधी एकेक रुग्ण स्वतः बघून ठेवावा लागतो, तेव्हा ही सवय तुझ्या जिवाला आराम देईल.

आता त्या पर्सनल स्टेटमेंटबद्दल. ‘लहानपणापासून रुग्णसेवेची आवड’ असं तू सुरू केलंयस. ते खरंच असेल, पण तेच वाक्य शेकडो अर्जांत असतं गं. मागच्या पावसाळ्यात तू फोनवर सांगितलंस ते का नाही लिहिलंस? रात्री शेतातून उचलून आणलेला तो माणूस, साप कुठला ते कुणी बघितलेलं नाही, पायाला जराशीच सूज. तू त्याचं थोडं रक्त स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत घेतलंस आणि नळी न हलवता टेबलावर ठेवलीस. वीस मिनिटं. बाहेर नातेवाईक ओरडतायत की इंजेक्शन द्या, नाहीतर आम्ही दुसरीकडे नेतो, आणि तू त्याची नाडी, श्वास, पापण्या बघत उभी. वीस मिनिटांनी नळी तिरपी केलीस तर रक्त गोठलेलंच नव्हतं, पाण्यासारखं ओघळलं. रक्त गोठू न देणाऱ्या विषाचाच साप चावला असणार हे ओळखून तू अँटिव्हेनम सुरू केलंस आणि १०८ची गाडी बोलावून त्याला अंबाजोगाईला पाठवलंस. हे जसं मला सांगितलंस तसंच साध्या इंग्रजीत लिही. दुसऱ्याकडून किंवा यंत्राकडून लिहून घेऊ नकोस. मुलाखतीत कुणी त्याच रात्रीबद्दल विचारलं तर बोलणं आणि लिहिणं एकाच माणसाचं वाटलं पाहिजे.

पैशांचंही बोलू, कारण तुझ्या बाबांनी कर्ज काढायचं म्हटल्याचं तू लिहिलंस आणि मला झोप लागली नाही. दोनशे प्रोग्रामांना अर्ज टाकू नकोस. पहिल्या तीस अर्जांपर्यंत दर माफक असतो, त्यापुढे प्रत्येक अर्जाला जवळजवळ तिप्पट पडतो. आधी वहीत यादी कर : कोण जे-वन व्हिसावरच्या डॉक्टरांना घेतो, कोण एक नापास प्रयत्न चालवून घेतो, कुणाकडे सध्या आपल्याकडचे रेसिडेंट आहेत. हे त्यांच्या संकेतस्थळांवर बसून शोधायला कंटाळा येतो, पण याच कंटाळ्यात हजारो रुपये वाचतात. लहान गावांतल्या इस्पितळांना कमी लेखू नकोस. इथल्याही खेड्यांत डॉक्टर मिळत नाहीत. म्हणूनच १९९४मध्ये सुरू झालेल्या योजनेत आता दर राज्याला वर्षाला ३० जे-वन डॉक्टरांची दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट माफ करून घेता येते, बदल्यात त्या डॉक्टरने तीन वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात काम करायचं. तू तर त्याच कामातून येतेयस.

एजंटाकडून विकत घेतलेली ऑब्झर्व्हरशिप, न केलेल्या संशोधनात पैसे भरून घातलेलं नाव, असल्या गोष्टींना तू हात लावणार नाहीस हे मी गृहीतच धरते. पण धावपळीत असलेलं माणूस शेजारच्याच्या टेलिग्राम ग्रुपात ‘नुसतं बघायला’ शिरतं, आणि तिथे परीक्षेतले चोरलेले प्रश्न फिरत असतात. २०२४च्या जानेवारीअखेर नेपाळशी संबंधित कितीतरी परीक्षार्थींचे गुण याच संशयावरून रद्द झाले. त्यातली काही मुलं नुसती उतावीळ असतील, वाईट नसतील, असं मला आजही वाटतं.

तुझं प्रमाणपत्र फिलाडेल्फियाहून येईल, परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना ते देणाऱ्या ईसीएफएमजीचं कार्यालय तिथे आहे. त्याच शहरातल्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजला १८८३ साली आनंदीबाई जोशींनी अर्ज केला तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या, आणि प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण कदाचित पुऱ्या करू शकणार नाही हे त्यांनी स्वतःच पत्रात लिहिलं होतं. झाकलं काहीच नाही. आपल्या देशातल्या बायकांना डॉक्टरची किती गरज आहे ते पुढे मांडलं. १८८६मध्ये त्या पदवी घेऊन बाहेर पडल्या. स्टेप वनच्या नापासाबद्दल तूही असंच दोन ओळींत सरळ लिही, कारणांचा पसारा नको.

मुलाखती हल्ली बहुतेक व्हिडिओवरच होतात, म्हणजे विमानाचं भाडं वाचलं. इथले सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात तुझ्याकडे संध्याकाळचे साडेसात, तेव्हा केंद्रातल्या विजेवर विसंबू नकोस, मावशीकडे लातूरला जाऊन बस. पसंतीक्रम लावताना ‘हे मला घेतील का’ असा हिशेब मनात आणू नकोस. खरंच जिथे जायचंय ते पहिलं लिही, मॅचची गणितपद्धत अशी बांधलेली आहे की तसं लिहिल्याने काही नुकसान होत नाही.

उद्या सकाळी सगळ्यांत आधी स्टेप टूची तारीख पुढे ने. दिवस जवळ येईल तसा बदलाचा दंड वाढतो. डिसेंबर-जानेवारीत परीक्षा दे, मग प्रमाणपत्र, आणि पुढच्या उन्हाळ्यात एकाच फेरीत ऑब्झर्व्हरशिप आणि जमलं तर स्टेप थ्रीही, कारण ती इथेच येऊन द्यावी लागते. एकाच डॉक्टरकडे सलग राहा, म्हणजे शिफारसपत्र लिहिणाऱ्याला तू खरोखर माहीत असशील. माझी वरची खोली रिकामी आहे. भाड्याचं नाव काढू नकोस, येताना मेतकूट आण.

तारीख बदललीस की लगेच कळव. आजीला माझा नमस्कार.

तुझी,
शालूआजी