रंध्याचे अवयव आणि सोपाऱ्याच्या खापऱ्या

जुना रंधा ओळखणे म्हणजे नेमके काय ओळखणे, हा प्रश्न वरकरणी सुतारकामाचा वाटला, तरी त्याची मुळे भारतीय दर्शनांतील 'अवयव' आणि 'अवयवी' यांच्या वादापर्यंत पोहोचतात. अवयव म्हणजे घटक आणि अवयवी म्हणजे त्या घटकांतून सिद्ध होणारी एक सलग वस्तू. लाकडी रंध्याचे मुख्य अवयव तीन: ठोकळा, त्याच्या खाचेत तिरपे बसणारे पोलादी पाते आणि पाते आवळून धरणारी पाचर. यांपैकी पाते धार लावता लावता झिजून आखूड होते व बदलावे लागते, पाचर फुटली की नवी घडवली जाते, आणि तळ झिजून तोंड रुंदावले की तेथे वेगळ्या लाकडाचा तुकडा बसवला जातो. त्यामुळे इंग्लंडमधून आलेल्या जुन्या रंध्याच्या पुढील टोकावर एका कारागिराचा ठसा आणि पात्यावर शेफिल्डच्या दुसऱ्याच कारखान्याचा ठसा आढळणे मुळीच आश्चर्याचे नसते. रंध्यांचे संशोधक लियोनार्ड बेली यांच्या एकस्वांचे (पेटंटांचे) हक्क 1869 मध्ये मिळवणाऱ्या अमेरिकेतील स्टॅन्ली कंपनीच्या लोखंडी रंध्यांवर एकस्वाच्या तारखा ओतीव अक्षरांत दिसतात. परंतु तेथेही तारीख ज्या भागावर आहे त्या भागापुरतेच बोलते, कारण हे भाग एका रंध्यातून काढून दुसऱ्यात बसवता येतात. खुद्द 'रंधा' हा शब्दही फारसी 'रंदा'वरून आलेला असून मराठीत त्याचा एक वर्ण पालटला आहे.

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाचा दृष्टान्त देतो: आस, चाके, दांडी यांपैकी एकही रथ नव्हे आणि त्यांच्यावेगळाही रथ नाही, 'रथ' हे या जुळणीचे व्यवहारातील नाव आहे. न्याय-वैशेषिक दर्शनांच्या अनुयायांना हे मान्य नाही. त्यांच्या मते अवयवी खरा असतो, मात्र एक अवयव निघाला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो. म्हणजे पाचर बदलताच रंधाही काटेकोर अर्थाने दुसरा ठरतो. तरीही 'हा तोच' असे भान होतेच, आणि त्याला 'प्रत्यभिज्ञा' म्हणतात: समोरचे प्रत्यक्ष आणि मागची आठवण यांचा एकाच ज्ञानात झालेला मेळ. बौद्धांचा यावरचा आक्षेप मार्मिक आहे. कापून पुन्हा उगवलेल्या नखांनाही माणूस 'तीच नखे' म्हणतो, तेव्हा ओळख पटणे हा एकत्वाचा पुरावा होऊ शकत नाही.

या वादाचा एक मूर्त दाखला वसई-विरार परिसरातील नालासोपाऱ्यात सापडतो. प्राचीन शूर्पारक ते हेच, आणि तेथील पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याने बुद्धासाठी चंदनाचा प्रासाद उभारल्याची कथा 'दिव्यावदान' या संस्कृत बौद्ध कथासंग्रहात येते. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1882 मध्ये तेथील बुरुड राजाचा कोट नावाची टेकडी खणली, तेव्हा स्तूपाच्या गाभ्यात दगडी पेटी मिळाली. तीत एकात एक ठेवलेले तांब्याचे, चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सोन्याचे करंडक होते, आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या होत्या. त्या बुद्धाच्या भिक्षापात्राच्या असाव्यात, असे इंद्रजींनी मानले. पेटीत सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीचे चांदीचे नाणे होते, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. करंडकाभोवती मांडलेल्या धातूच्या आठ मूर्ती मात्र कित्येक शतकांनंतरच्या ठरतात. पेटी पुढे कधीतरी उघडली गेली असावी, हा तर्क त्यातून स्वाभाविकपणे निघतो. वेगवेगळ्या काळातील ठसे एकाच देहावर वागवणाऱ्या रंध्याची स्थिती याहून निराळी नाही.

इंद्रजींच्या पद्धतीत मोठे मोल आहे ते एवढ्यासाठी, की नाणे नाण्याच्या जागी, मूर्ती मूर्तीच्या जागी आणि खापऱ्या खापऱ्यांच्या जागी तपासता येतील अशी नोंद त्यांनी मागे ठेवली. खापऱ्या कोणाच्या पात्राच्या, हे माती सांगू शकत नाही. परंतु कोणीतरी त्या पाच करंडकांच्या आत जपल्या, एवढे मात्र निर्विवाद आहे. रंधा पाहणाऱ्यानेही प्रत्येक अवयवाचा काळ वेगळा सांगावा आणि 'अस्सल' हा शब्द आवरून वापरावा, हेच योग्य होय. येथे नागसेनाचा पक्ष बळकट ठरतो, तरी नैयायिकांचे एक निरीक्षण सोडवत नाही. न्यायसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी असा युक्तिवाद येतो, की डोळ्याने पाहिलेली वस्तूच हाताने स्पर्शिली जाते हे ज्याला कळते, तो डोळा आणि हात या दोहोंहून वेगळा असला पाहिजे. ठसा डोळ्याला दिसतो. पण ठोकळ्याच्या डाव्या कुशीवर, अंगठा टेकतो तेथे, पडलेला उथळ गुळगुळीत खळगा बोट फिरवल्यावरच उमगतो. तो खळगा कोणत्याही कारखान्यात पडलेला नसतो. अनेक वर्षे एका जागी टेकत आलेल्या अंगठ्यांनी तो पाडलेला असतो, आणि ठोकळा टिकून असेपर्यंत पाते व पाचर कितीही वेळा बदलली तरी नव्या सुताराचा अंगठा आपोआप त्याच जागी जातो.